वायफाय लागलं पण लॉगिनचं पान उघडेना: लिनक्सवर डीएनएसचं काय करायचं

मागच्या महिन्यात काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, इथेच इंदूरात, आणि काका आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ऐनवेळी इन्शुरन्सवाल्यांनी एक कागद मागितला, साइटवर अपलोड करा म्हणाले, आणि तो कागद होता काकांच्या लॅपटॉपमध्ये. मोबाईल डेटा तळमजल्यावर रडतखडत चाललेला. खांबाला एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, वायफायचं नाव आणि पासवर्ड, काकांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर टाकलं, वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह आलं आणि त्यापुढे काहीच होईना. "अरे, लागलंय तर खरं, मग उघडत का नाही?" शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या फोनवर तेच वायफाय, तेच लॉगिनचं पान, तिला तर ओटीपीसुद्धा आला होता. काकांनी तोपर्यंत पासवर्ड तीनदा टाकून बघितला होता.

दोष वायफायचा नव्हता. दिवाळीत मी त्यांच्या उबंटूवर डीएनएस ओव्हर टीएलएस सक्तीचं करून ठेवलं होतं (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, सांगणारी सेवा; टीएलएस लावलं की ती विचारणा मधल्या कुणाला वाचता येत नाही), घरी राजेंद्रनगरला ते महिनोन्‌महिने छान चालत होतं, आणि घराबाहेरच्या वायफायवर त्याच सेटिंगने लॉगिनच्या पानाचं दार बंद केलं. वीसेक मिनिटांत कागद गेला, पण ती वीस मिनिटं काकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला परत बघायचं नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. कॅफे, लॉज, स्टेशन, कॉलेज, जिथे जिथे आधी लॉगिनचं पान येतं तिथे तिथे हे लागू आहे.

एक आधी सांगतो, कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. "रिझॉल्व्हसीटीएल" म्हणजे रिझॉल्व्ह आणि त्याला चिकटून सीटीएल, "एनएमसीएलआय" म्हणजे ती पाच अक्षरं सलग. वायफाय कार्डाचं नाव मी डब्ल्यूएलपी२एस० धरलंय, तुमचं वेगळं असू शकतं, "एनएमसीएलआय डिव्हाइस" म्हटलं की यादीत ज्याच्यासमोर वायफाय लिहिलंय ते तुमचं.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या

लग्नाच्या हॉलच्या दारावर चौकीदार उभा असतो ना, तुम्ही नवऱ्याकडचे म्हणा नाहीतर जेवणाचं विचारा, तो आधी रजिस्टर पुढे करतो आणि नाव लिहा म्हणतो. कॅप्टिव्ह पोर्टल, म्हणजे वायफायचं ते आधी येणारं लॉगिनचं पान, तसंच आहे. वायफायला जोडलं की राउटर डीएचसीपीने (पत्ते वाटायची त्याची पद्धत) तुम्हाला एक आयपी देतो, गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, देतो आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता देतो. पण इंटरनेट देत नाही. तुम्ही कुठलंही साधं एचटीटीपी पान मागितलं की मधेच ते अडवून ३०२ चं उत्तर पाठवतो, म्हणजे "इकडे नाही, लॉगिनच्या पानावर जा". काही ठिकाणी याहून आधीच्या पायरीवर अडवतात, तुम्ही कुठलंही नाव विचारा, त्यांचा डीएनएस सगळ्यांना पोर्टलचाच आयपी सांगतो.

यातली कळीची गोष्ट म्हणजे कुठलंही पान मागण्याआधी नावाचा आयपी मिळावा लागतो. नावच सुटलं नाही तर ब्राउझर एचटीटीपीपर्यंत पोचतच नाही, आणि पोचलाच नाही तर चौकीदाराला तुम्हाला अडवून रजिस्टर दाखवायची संधीच मिळत नाही. बहुतेक पोर्टल लॉगिनच्या आधी फक्त स्वतःच्या डीएनएसला बोलू देतात. बाहेरच्या सर्व्हरकडे जाणारं साध्या डीएनएसचं ५३ पोर्ट (पोर्ट म्हणजे वाहतुकीचं क्रमांकाचं दार) बंद किंवा वळवलेलं, डीएनएस ओव्हर टीएलएसचं ८५३ बंद, डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ४४३ वरून जातं तेही बंद. मग ज्याने ज्याने लॅपटॉपवर आपला आवडता डीएनएस पक्का करून ठेवलाय त्याचा प्रत्येक प्रश्न भिंतीवर आपटतो आणि स्क्रीनवर फक्त "सर्व्हर सापडला नाही" येतं. फोन यातून सुटतो कारण फोनवर सहसा कोणी एवढं छेडलेलं नसतं.

शिवाय एचटीटीपीएसचं पान असं मधे वळवता येत नाही, वळवायला गेलं तर सर्टिफिकेट जुळत नाही आणि ब्राउझर ओरडतो. आज आपण उघडतो ती जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएस आहे, त्यामुळे सवयीने गुगल उघडून पोर्टलची वाट बघत बसलात तर ते पान येणारच नाही.

पहिली पायरी: पासवर्ड परत टाकू नका, आधी विचारा

वायफायचं चिन्ह आलंय म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, तो विषय संपला. टर्मिनल उघडा आणि हे टाका:

एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक

नेटवर्कमॅनेजर, म्हणजे लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, एका ठरलेल्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर जाऊन येतो आणि एका शब्दात उत्तर देतो: फुल, पोर्टल, लिमिटेड, नन किंवा अननोन. या एका शब्दात अर्धं निदान आहे. "पोर्टल" आलं तर डीएनएस ठीक आहे, कोणीतरी पान वळवतंय, तुम्हाला फक्त ते पान उघडायचंय, खाली दुसऱ्या पायरीवर जा. "लिमिटेड" आलं तर वायफायशी जोडलेले आहात पण तपासणीचं पान मिळालंच नाही, आणि वायफाय लॉगिनवालं असेल तर संशय पहिल्यांदा डीएनएसवर घ्यायचा. त्या दिवशी काकांच्या लॅपटॉपवर लिमिटेडच होतं, म्हणूनच लॉगिनची खिडकी आपोआप उघडली नव्हती, कारण नोम किंवा केडीई या डेस्कटॉपची ती सूचना "पोर्टल" या शब्दावरच येते. लोक म्हणतात लिनक्सवर पोर्टलची खिडकी येतच नाही, येते, पण डीएनएस मेलेला असेल तर तिला कळणार कसं.

"अननोन" आलं, किंवा काहीच उघडत नसताना "फुल" आलं, तर तपासणीच बंद असू शकते. उबंटू आणि फेडोरावर ती नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये चालू असते, डेबियनवर तिच्यासाठी नेटवर्क-मॅनेजर-कॉन्फिग-कनेक्टिव्हिटी-डेबियन नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते घरी असतानाच टाकून ठेवा कारण पोर्टलच्या मागे बसून पॅकेज उतरवता येत नाही.

दुसरी पायरी: साधं एचटीटीपी पान मागा

ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडा आणि पत्त्याच्या जागी एचटीटीपी लावून नेव्हरएसएसएल.कॉम टाका, एस न लावता. ही साइट मुद्दाम याच कामासाठी एचटीटीपीवर ठेवलेली आहे. फायरफॉक्सचं स्वतःचं डिटेक्टपोर्टल.फायरफॉक्स.कॉम पण चालतं. पान वळून लॉगिन आलं तर नंबर टाका, ओटीपी टाका, झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

टर्मिनलमधूनच बघायचं असेल तर:

कर्ल -आय एचटीटीपी://नेव्हरएसएसएल.कॉम

(इथला आय मोठ्या लिपीतला.) उत्तरात लोकेशन नावाची ओळ आली तर तिच्यापुढे लिहिलेला पत्ता म्हणजे तुमचं लॉगिनचं पान, तो उचलून ब्राउझरमध्ये टाका. "कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट" आलं तर मात्र नक्की झालं, नाव सुटत नाहीये.

तिसरी पायरी: डीएनएस कुणाकडे चाललाय ते बघा

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

उबंटू आणि फेडोरावर सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाची सेवा मधे बसलेली असते, फेडोरात ती २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून नेहमीची झाली. म्हणून ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसतं, तो तुमच्याच मशीनचा पत्ता आहे, त्याला घाबरून बदलत बसू नका. खरं काय चाललंय ते स्टेटसमध्ये असतं. वर "ग्लोबल" म्हणून एक भाग, खाली प्रत्येक कार्डाचा वेगळा भाग. वायफायच्या भागात करंट डीएनएस सर्व्हर म्हणून राउटरने दिलेला पत्ता दिसायला हवा, १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा बहुतेक वेळा. त्याजागी किंवा ग्लोबलमध्ये १.१.१.१, ८.८.८.८ असलं काही दिसलं, किंवा प्रोटोकॉल्सच्या ओळीत डीएनएसओव्हरटीएलएससमोर अधिकचं चिन्ह दिसलं, तर चोर तिथेच सापडला.

राउटरने खरोखर कुठला डीएनएस दिला होता, तुम्ही तो नाकारला असलात तरी, हे बघायची एक छान जागा आहे जी फार कमी लोक वापरतात:

एनएमसीएलआय -एफ डीएचसीपी४ डिव्हाइस शो डब्ल्यूएलपी२एस०

(इथे डीएचसीपी४ मोठ्या लिपीत लिहायचं.) यात डोमेन_नेम_सर्व्हर्स नावाच्या ओळीत तो पत्ता असतो. कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे. राउटर्स नावाच्या ओळीत गेटवे पण मिळतो.

चौथी पायरी: तेवढ्यापुरतं मोकळं करा

आता मुख्य काम. आणि इथे माझं ठाम मत आहे की कॉन्फिग फाइल उघडून सेटिंग खोडायचं नाही, कारण घाईत खोडलेलं कोणी परत लावत नाही, मग सहा महिने सगळं उघडं राहतं. फक्त वायफाय कार्डापुरतं, फक्त या जोडणीपुरतं बदलायचं. रिझॉल्व्हसीटीएल नेमकं तेच करतो, रीबूट झालं किंवा वायफाय तुटून परत जोडलं की हे बदल आपोआप जातात. चार ओळी, प्रत्येकीच्या आधी सुडो:

रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस डब्ल्यूएलपी२एस० १९२.१६८.१०.१

रिझॉल्व्हसीटीएल डीएनएसओव्हरटीएलएस डब्ल्यूएलपी२एस० नो

रिझॉल्व्हसीटीएल डीएनएसएसईसी डब्ल्यूएलपी२एस० नो

रिझॉल्व्हसीटीएल डोमेन डब्ल्यूएलपी२एस० '~.'

पहिल्या ओळीतला पत्ता म्हणजे आत्ता कागदावर लिहून घेतलेला. दुसरीने टीएलएसची सक्ती सुटते. तिसरी डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरावरची सही तपासणं, बंद करते, अशासाठी की जो डीएनएस सगळ्या नावांना पोर्टलचाच आयपी सांगतो त्याच्या उत्तरावर खरी सही नसते, आणि तुमच्याकडे सही तपासणं चालू असेल तर रिझॉल्व्हड ते उत्तर फेकून देतो, त्याचं बरोबरच आहे, पण आत्ता आपल्याला ते खोटं उत्तरच हवंय. चौथी ओळ लोक विसरतात. ते टिल्ड आणि बिंदू म्हणजे "सगळी नावं याच कार्डाकडे विचार". हे नसेल आणि ग्लोबलमध्ये तुमचा १.१.१.१ बसलेला असेल आणि त्याच्याकडे तोच टिल्ड बिंदू असेल तर सगळे प्रश्न अजूनही तिकडेच जात राहतील, आणि पहिल्या तीन ओळी बरोबर असूनही काही होणार नाही, मी यातच दहा मिनिटं घालवली होती. दोन्हीकडे टिल्ड बिंदू असला की दोन्हीकडे विचारलं जातं आणि जे चांगलं उत्तर आधी येईल ते घेतलं जातं, आपल्याला तेवढं पुरे.

मग जुनी अर्धवट उत्तरं पुसून टाका आणि तपासा:

रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस

रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी नेव्हरएसएसएल.कॉम

आयपी आला की पुन्हा दुसरी पायरी. काकांच्या लॅपटॉपवर या क्षणी कनेक्टिव्हिटी चेकने लिमिटेडच्या जागी पोर्टल म्हटलं, आणि पाठोपाठ लॉगिनची खिडकी स्वतःहून उघडली. काका म्हणाले, "हं, आता आली ती पर्ची."

ब्राउझरचा वेगळा डीएनएस

सिस्टम सुधारली आणि कर्लला लोकेशन मिळतंय पण ब्राउझर मात्र अडलेला, असं झालं तर ब्राउझर स्वतःचा डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस वापरतोय. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, अगदी खाली. तिथे मॅक्स प्रोटेक्शन निवडलेलं असेल तर तो सिस्टमकडे परत येतच नाही, तेवढ्यापुरतं डिफॉल्ट करा. क्रोममध्ये सिक्युरिटीखाली यूज सिक्युअर डीएनएस, तिथे एखादी कंपनी हाताने निवडली असेल तर तीच गत, आपोआपवर ठेवलं तर तो सहसा सिस्टमकडे परत येतो. मला विचाराल तर दोन ब्राउझर ठेवा, एक नेहमीचा कडक, आणि एक दुसरा ज्यात काहीच छेडलेलं नाही, फक्त लॉगिनच्या पानांसाठी. काकांसाठी मी आता तेच केलंय, त्यांना सेटिंगच्या जंगलात पाठवण्यापेक्षा "वायफायसाठी हे दुसरं चिन्ह दाबा" एवढं सांगणं बरं.

तरीही येत नसेल तर

हा भाग मोठा आहे कारण खरी डोकेदुखी इथेच असते.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ कुलूपबंद आहे का ते बघा. कुठल्यातरी जुन्या लेखात वाचून बऱ्याच जणांनी ती फाइल स्वतः लिहून त्यावर चॅटर प्लस आय मारलेलं असतं, म्हणजे रूटलाही ती बदलता येत नाही. "एलएसअ‍ॅटर" कमांड त्या फाइलवर चालवा, यादीत आय दिसला तर चॅटर मायनस आय करून कुलूप काढा, आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हड वापरत असाल तर ती फाइल परत रन फोल्डरातल्या सिस्टमडी, त्यातल्या रिझॉल्व्ह फोल्डरमधल्या स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे लिंक करून टाका. डीएनएस पक्का करायचे याहून चांगले मार्ग आहेत, खाली सांगतो.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. डॉकर इन्स्टॉल केलं की तो १७२.१७ वर एक आभासी पूल बांधतो, कंपोझच्या प्रोजेक्टना त्यापुढचे १७२.१८, १७२.१९ असे तुकडे मिळत जातात. आता समजा पोर्टलचा सर्व्हर किंवा त्यांचा डीएनएस नेमका १७२.१८ मधे आहे. तुमचं मशीन म्हणणार की हा तर माझ्याच घरातला पत्ता, आणि पॅकेट वायफायवर जाणारच नाही. "आयपी राउट" टाकून बघा, वायफायचा गेटवे आणि डॉकरच्या ओळी एकाच तुकड्यात आहेत का. असतील तर तेवढ्या वेळापुरतं तो कंपोझ प्रोजेक्ट डाउन करा, म्हणजे पूल आणि त्याचा रस्ता दोन्ही जातात. नुसता कंटेनर थांबवून पूल जात नाही.

व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सोय. आपोआप चालू होणारा वायरगार्ड किंवा ऑफिसचं व्हीपीएन आधी बंद करा, त्याचा किलस्विच (बोगद्याबाहेर काहीच न जाऊ देणारा पर्याय) असेल तर तोही, कारण तो सगळी वाहतूक बोगद्यात कोंबतो आणि बोगद्याचं दुसरं टोक लॉगिनआधी सापडत नाही. लॉगिन झालं की लगेच चालू करा, त्यासाठीच तर ते आहे.

घरचा स्वतःचा डीएनएस, म्हणजे अनबाउंड, डीएनएसमास्क, डीएनएसक्रिप्ट-प्रॉक्सी लॅपटॉपवरच चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. डीएनएसमास्कमध्ये स्टॉप-डीएनएस-रिबाइंड लावलेलं असेल तर तो बाहेरून आलेला खासगी आयपी, १९२.१६८ वगैरे, हल्ला समजून टाकून देतो, आणि पोर्टल नेमका तसलाच आयपी देतो. अनबाउंडमध्ये प्रायव्हेट-अ‍ॅड्रेस हा पर्याय तेच करतो. डीएनएसक्रिप्ट-प्रॉक्सीला मात्र पोर्टलसाठी खास सोय आहे, कॅप्टिव्ह पोर्टल्सचा मॅप फाइलमध्ये देता येतो, तो चालू करून ठेवा.

पोर्टलचं नाव विचित्र असेल तर. काही ठिकाणी लॉगिनच्या पानाचं नाव डॉट लोकलने संपतं किंवा नुसता एक शब्द असतो, बिंदूच नाही. डॉट लोकल लिनक्सवर एमडीएनएससाठी (एकाच नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना शोधतात ती पद्धत) राखीव मानलं जातं, नेहमीच्या डीएनएसकडे ते विचारलंच जात नाही, आणि एकशब्दी नाव सिस्टमडी-रिझॉल्व्हड बाहेर विचारत नाही. मग फोनवर उघडतं आणि लॅपटॉपवर नाही. अशा वेळी नाव थेट त्यांच्या डीएनएसला विचारा:

एनएसलुकअप पोर्टलचं नाव १९२.१६८.१०.१

आलेला आयपी आणि ते नाव ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये एका ओळीत लिहा, लॉगिन करा, आणि ती ओळ काढून टाका, विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्याच ठिकाणी ती आडवी येईल.

१.१.१.१ ची एक जुनी गंमत खरोखर त्रास देते. काही जुन्या वायफाय कंट्रोलरांत लॉगिनच्या पानासाठी हाच आयपी आभासी पत्ता म्हणून वापरायची पद्धत होती, तेव्हा तो बाहेर कुणी वापरत नव्हतं. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरने त्यावर सार्वजनिक डीएनएस सुरू केला. आता अशा जुन्या कंट्रोलरखाली १.१.१.१ टाकलात तर तुम्ही डीएनएसशी नाही, लॉगिनच्या पानाशी बोलताय. अर्थात याचा उलटा फायदाही आहे, नावं काहीच सुटत नसतील तर ब्राउझरमध्ये एचटीटीपी लावून १.१.१.१ किंवा गेटवेचा आयपी थेट टाकून बघा, आयपी टाकला की डीएनएसची गरजच उरत नाही आणि चौकीदार तुम्हाला अडवतो.

लॉगिन झाल्यावर

पहिलं काम परत एकदा फ्लश-कॅशेस, कारण पोर्टलने दिलेली खोटी उत्तरं साठून राहिली असतील तर लॉगिन होऊनही बँकेच्या पानाच्या जागी सर्टिफिकेटची चूक दिसते आणि माणूस घाबरतो. फायरफॉक्स स्वतःचा साठा ठेवतो, अबाउट नेटवर्किंगच्या पानात डीएनएसखाली क्लिअर बटण आहे.

मग सैल केलेलं परत आवळा. इथे एक चूक हमखास होते, लोक रिझॉल्व्हसीटीएल रिव्हर्ट मारतात. रिव्हर्टने फक्त तुमचे बदल जात नाहीत, नेटवर्कमॅनेजरने त्या कार्डाला दिलेला डीएनएससुद्धा जातो आणि परत काहीच उघडत नाही. त्याऐवजी एकेक ओळ उलटी फिरवा, डीएनएसओव्हरटीएलएससमोर यस, डीएनएस परत तुमचा, डोमेनसमोर रिकामी अवतरणचिन्हं. किंवा सरळ वायफाय तोडून परत जोडा, बहुतेक पोर्टल तुमचं कार्ड ओळखून ठेवतात, लगेच लॉगिन मागत नाहीत.

आणि ओटीपीच्या पानावर नंबर सोडून बाकी काही देऊ नका. हे पान तुमच्याकडे साध्या एचटीटीपीने चालत आलेलं आहे, मधे कोण आहे याची खात्री नाही. लॉगिन होईपर्यंत मेलचं अ‍ॅप, ड्राइव्हचं सिंक बंद ठेवा, त्या मिनिटांत तुमची सगळी नावं उघडी चाललीत.

कायमचं काय करायचं

मी केलेली मूळ चूक ही की सक्ती सगळ्या मशीनवर लावली. सक्ती घरच्या वायफायवर हवी, मशीनवर नको. रिझॉल्व्हड डॉट कॉन्फमध्ये (ही सिस्टमडी-रिझॉल्व्हडच्या सेटिंगची फाइल, वरची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नव्हे) डीएनएसओव्हरटीएलएस समोर यसच्या जागी ऑपॉर्च्युनिस्टिक करा, म्हणजे जमलं तर टीएलएस, नाही जमलं तर साधं. ग्लोबलमध्ये डीएनएसचा पत्ता लिहिला असेल तर तो काढा. आणि मग कडकपणा घरच्या जोडणीच्या प्रोफाइलमध्ये:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घरच्या-वायफायचं-नाव आयपीव्ही४.डीएनएस १.१.१.१ आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस यस आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस यस कनेक्शन.डीएनएस-ओव्हर-टीएलएस यस

शेवटचा पर्याय नेटवर्कमॅनेजर १.३४ पासून आहे, उबंटू २२.०४ मध्ये तो मिळतो. आता घरी पूर्ण बंदोबस्त, आणि छप्पन दुकानच्या कुठल्याही कॅफेत किंवा स्टेशनवर बसलात तर त्या जागेचा डीएनएस आपोआप घेतला जाईल, खिडकी स्वतः येईल. व्हीपीएन मात्र तिथे लॉगिननंतर लावाच.

काही जण नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर स्क्रिप्टने हे सगळं आपोआप करतात, कनेक्टिव्हिटी-चेंजची घटना आली आणि स्थिती पोर्टल असली की स्क्रिप्ट टीएलएस सैल करते. जमतं, पण मी ते काकांच्या मशीनवर लावलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कारण मग कोणीही खोटं वायफाय उभं करून नुसतं लॉगिनचं पान दाखवलं की तुमचं मशीन न विचारता आपली कडी काढणार. ती कडी माणसाने बघून काढलेली बरी.

जरा पुढचं म्हणजे २०२० मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ८९१० आणि ८९०८ आले, त्यात राउटर डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून पोर्टलच्या माहितीचा, मशीनने वाचायचा, पत्ता देऊ शकतो आणि लॉगिनचं पान कुठे आहे ते तिथे कळतं, म्हणजे हे मधेच अडवणं आणि खोटी उत्तरं सगळी संपावीत. सगळीकडे ते पोचलेलं नाही. पण वर सांगितलेल्या डीएचसीपी४ च्या यादीत असा एखादा पत्ता दिसला तर उचला आणि ब्राउझरमध्ये टाका, लॉगिनचं पान किंवा त्याचा पत्ता तिथे मिळाला तर सगळा खटाटोप वाचेल.

रोज तेच कॉलेज, तेच लायब्ररी आणि रोज नव्याने ओटीपी मागत असेल तर मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाची ओळख, बघा. वायफायच्या प्रोफाइलमध्ये क्लोन्ड-मॅक-अ‍ॅड्रेस रँडम असेल तर दर वेळी तुम्ही पोर्टलला नवीन माणूस दिसता. तो स्टेबल करा, खरा पत्ता लपलेला राहतो आणि त्या एका जोडणीपुरती ओळख टिकते.

आणि घड्याळ. जुन्या लॅपटॉपचा आतला सेल संपला की चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते, घरी नेट लागताच ती सुधारते म्हणून लक्षात येत नाही, पण पोर्टलच्या मागे वेळ जुळवणारी सेवा बंद असते, आणि चुकीच्या तारखेला डीएनएसएसईसी आणि टीएलएस दोन्ही सगळं खोटं ठरवतात. "टाइमडेटसीटीएल" टाकून तारीख बघा, चुकली असेल तर हाताने लावा. काकांचा लॅपटॉप परत येताना मी उघडून बघितला, त्यातला सीआर २०३२ सेल पण आटलेला होता. जेल रोडवरून नवा आणून बसवला.